नीनो बेन्वेनुती : परक्या रिंगणातला पुरावा



नीनो बेन्वेनुती हा इटालियन मुष्टियोद्धा २० मे २०२५ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी गेला. त्याच्यावरच्या मृत्युलेखांमध्ये एक हिशेब हटकून यायचा : व्यावसायिक लढती ९०, विजय ८२, पराभव ७, बरोबरी १. विजयांपैकी ३५ नॉकआउटने. या आकड्यांबद्दल वाद नाही. मात्र ते नेमकं काय सिद्ध करतात, याबद्दल मला शंका आहे आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तीच शंका आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते तपासत ऐकणं आपल्याला सोपं जाईल. मुष्टियुद्धातल्या विजयाचं वजन तो कुणावर मिळवला यावर जितकं ठरतं, जवळपास तितकंच तो कुठे मिळवला यावरही ठरतं. या कसोटीला बेन्वेनुतीची कारकीर्द लावली, तर ८२ विजयांतले बरेचसे बाजूला ठेवावे लागतात आणि उरलेल्या थोडक्या लढतींवर त्याचं मोठेपण उभं राहतं. त्यातल्या एका लढतीत तो हरलेला आहे.

सुरुवात पराभवांपासून करू, कारण पराभवांची यादी लहान आहे आणि बोलकीही. पहिला पराभव सोलमध्ये, जून १९६६. दुसरा न्यूयॉर्कमध्ये, सप्टेंबर १९६७. तिसरा पुन्हा न्यूयॉर्कमध्ये, मे १९६९. चौथा मेलबर्नमध्ये, मार्च १९७०. एकमेव बरोबरी अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी, ऑक्टोबर १९६८. म्हणजे जानेवारी १९६१ मध्ये त्रिएस्तेला पहिली व्यावसायिक लढत खेळल्यापासून नोव्हेंबर १९७० पर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, हा माणूस इटलीच्या भूमीवर एकदाही हरला नाही. जे काही गमावलं ते देशाबाहेर. आणि लढतींपैकी बहुतेक सगळ्या तर इटलीतच झाल्या होत्या. एखाद्या खेळाडूच्या बाबतीत इतका स्वच्छ नकाशा निघाला, की अभ्यासकाने थांबून विचारलं पाहिजे : हे कौशल्याचं फळ की पत्त्याचं?

आपल्याकडच्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला, आखाड्याच्या टोकाला बसलेल्यालाही तो दिसतो. मुष्टियुद्धात तसं फक्त नॉकआउटच्या वेळी होतं. एरवी पंधरा फेऱ्या संपतात, दोघेही उभे असतात आणि काय घडलं हे दोन-तीन माणसांच्या कागदावरून कळतं. त्या काळात या माणसांची नेमणूक बहुधा यजमान देशाच्या संघटनेच्या हातात असे. पण केवळ पक्षपाती गुणदानावर बोट ठेवणं अपुरं आहे. घरच्या रिंगणाचा फायदा तीन वाटांनी येतो. पहिली वाट प्रतिस्पर्ध्याच्या निवडीची : व्यवस्थापक आणि आयोजक मिळून कुणाला बोलवायचं ते ठरवतात, आणि उगवत्या ताऱ्यासमोर कुणाला उभं करायचं नाही, हेही तेच ठरवतात. दुसरी वाट प्रेक्षकांची. घरच्या माणसाचा हातमोज्यावर अडवला गेलेला ठोसाही आरोळीमुळे लागलेला वाटतो. तिसरी वाट गुणपत्रिकेची. पहिली वाट कुणाला दिसत नाही, म्हणून तिची चर्चा होत नाही. माझ्या मते तीच सर्वांत रुंद आहे. लढत कुठे होणार हे पैसा ठरवतो, आणि जो जास्त मानधनाची हमी देतो त्याच्या गावी दुसऱ्याला जावं लागतं.

हा फायदा किती मोठा असतो, हे पाहायला बेन्वेनुतीने जिंकलेल्या पहिल्या जागतिक विजेतेपदाचाच प्रवास पुरेसा आहे. ज्युनियर मिडलवेट, म्हणजे १५४ पौंडांचा गट, १९६२ साली नव्याने निघाला. पहिला विजेता डेनी मॉयर पोर्टलंडचा आणि तो जिंकला पोर्टलंडमध्ये. १९६३ मध्ये त्याला राल्फ ड्युपासने हरवलं. ड्युपास न्यू ऑर्लीन्सचा, लढत न्यू ऑर्लीन्सला. त्याच वर्षी सान्द्रो मात्सिंगी या तोस्कानाच्या तरुणाने ड्युपासला नॉकआउट केलं, तेही मिलानमध्ये. १८ जून १९६५ रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर बेन्वेनुतीने मात्सिंगीला सहाव्या फेरीत झोपवलं. दोघेही इटालियन, म्हणून ही लढत या हिशेबाबाहेर ठेवू. १९६६ मध्ये सोलला कोरियाच्या किम की-सूने विजेतेपद घेतलं. १९६८ मध्ये मात्सिंगीने ते किमकडून परत मिळवलं, पुन्हा सान सिरोवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमला अमेरिकन फ्रेडी लिटलसमोर मात्सिंगी जखमांमुळे आठ फेऱ्यांनंतर लढू शकला नाही. लिटल जिंकला असं कुणालाही वाटावं, पण पंचांनी लढतच निकालात धरली नाही. पुढे रिकामं झालेलं विजेतेपद लिटलने मिळवलं आणि १९७० मध्ये तो ते इटलीत, मोन्झा इथे, कार्मेलो बोस्सीकडे हरला. १९७१ मध्ये बोस्सीने ते टोकियोत जपानच्या कोइची वाजिमाला देऊन टाकलं. नऊ वर्षांत हे विजेतेपद एका देशाच्या माणसाकडून दुसऱ्या देशाच्या माणसाकडे जितक्या वेळा रिंगणात गेलं, तितक्या वेळा ते यजमानाकडे गेलं. योगायोगालाही काही मर्यादा असते.

यावर आक्षेप येईल की यजमान जिंकला म्हणजे लबाडी झाली असं नव्हे. आक्षेप बरोबर आहे. मात्सिंगीने ड्युपासला नॉकआउट केलं तेव्हा गुणपत्रिकेचा संबंधच आला नाही. शिवाय घरी माणूस नीट झोपतो, ओळखीचं अन्न खातो, विमानप्रवासाने अंग आंबत नाही. मी लबाडीचा आरोप करत नाही. मी पुराव्याच्या दर्जाबद्दल बोलतो आहे. घरच्या विजयात कौशल्य आणि सोय यांची मिसळण असते आणि ती वेगळी करण्याचं साधन आपल्या हातात नसतं. परक्या रिंगणात सोय विरुद्ध बाजूला असते, म्हणून तिथला विजय कौशल्याबद्दल अधिक स्पष्ट बोलतो.

आता रोमच्या १९६० च्या ऑलिंपिककडे येऊ. तिथे बेन्वेनुतीने वेल्टरवेट गटात सुवर्णपदक मिळवलं. अंतिम फेरीत त्याने सोव्हिएत संघाच्या युरी रादोन्याकला हरवलं. याच स्पर्धेत लाइट हेवीवेटचं सुवर्णपदक कॅशियस क्ले नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला मिळालं. स्पर्धेतल्या सर्वांत उत्तम शैलीच्या मुष्टियोद्ध्याला दिला जाणारा व्हाल बार्कर चषक मात्र क्लेला न मिळता बेन्वेनुतीला मिळाला. क्ले पुढे मुहम्मद अली झाला, त्यामुळे आज हा निर्णय अनेकांना हास्यास्पद वाटतो आणि यजमानांनी चषक घरात ठेवून घेतला असं सहज बोललं जातं. इथे मी माझ्याच कसोटीला थोडं आवरतो. पंच इटालियनांना झुकतं माप देत होते, असं म्हणावं तर त्याच रोममध्ये तीन इटालियन, प्रिमो झाम्पारिनी, सान्द्रो लोपोपोलो आणि कार्मेलो बोस्सी, अंतिम फेरीत हरले. आणि अलीचं पुढचं मोठेपण १९६० च्या परीक्षकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. समोर होता तो हात खाली ठेवून मागे झुकणारा एक धाडसी पोरगा. शैलीचं पारितोषिक सरळ डाव्या हाताच्या, तोल न सोडणाऱ्या, दोनदा युरोपीय विजेता झालेल्या बेन्वेनुतीला मिळालं यात नवल नाही. यजमानपदाची खरी किळसवाणी कमाल पाहायची असेल तर १९८८ च्या सोल ऑलिंपिककडे जावं लागतं. तिथे पार्क सी-हून या कोरियन स्पर्धकाने उपान्त्यपूर्व फेरीत इटलीच्या विन्चेन्झो नार्दिएल्लोवर आणि अंतिम फेरीत अमेरिकेच्या रॉय जोन्सवर ‘विजय’ मिळवले, आणि अंतिम सामना हरलेल्या जोन्सला व्हाल बार्कर चषक देऊन संयोजकांनी नकळत आपल्याच निकालातल्या चुकीची कबुली दिली. त्या मानाने रोम सभ्य होतं. तरीही रोमचं सुवर्ण मी निर्णायक पुरावा मानत नाही. तो भक्कम पुरावा आहे, एवढंच.

सोलचाच उल्लेख आला आहे, तर १९६६ चा तो पहिला पराभव पाहू. बेन्वेनुती ६५ सलग विजय खिशात घालून तिथे उतरला. समोर किम की-सू. कोरियन युद्धात उत्तरेकडचं गाव सोडून दक्षिणेत आलेला हा मुलगा सहा वर्षांपूर्वी रोमच्या ऑलिंपिकमध्ये याच बेन्वेनुतीकडून हरला होता. दक्षिण कोरियाला तोवर एकही जागतिक विजेता लाभला नव्हता. सरकारने लढतीला पाठबळ दिलं, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही जातीने हजर राहिले. निकाल दोन विरुद्ध एक अशा मतांनी किमच्या बाजूने गेला. इटालियन बाजूने खूप आरडाओरडा झाला. पण गंमत पाहा : पाच-सहा वर्षं जी सोय बेन्वेनुतीला इटलीत मिळत होती, तीच त्या रात्री किमला मिळाली, आणि तेव्हा इटालियन पत्रकारांना यजमानपदाचा अन्याय अचानक दिसू लागला. या पराभवाने त्याचं काही बिघडलं, असं मला वाटत नाही. उलट परक्या गावात प्रत्येक फेरी स्पष्टपणे जिंकावी लागते, हा धडा त्याला महागात पण वेळेवर मिळाला.

दहा महिन्यांनी, १७ एप्रिल १९६७ रोजी, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथसमोर उभा राहिला. गट मिडलवेट, १६० पौंड, म्हणजे मुष्टियुद्धातल्या सर्वांत जुन्या आणि प्रतिष्ठेच्या गटांपैकी एक. ग्रिफिथ जन्माने व्हर्जिन बेटांवरचा, पण न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, गार्डनचा नेहमीचा नायक. गुण देणारे रेफरी आणि दोन परीक्षक, तिघेही तिथलेच. दुसऱ्या फेरीत ग्रिफिथ खाली पडला, चौथ्या फेरीत बेन्वेनुती. चौथ्या फेरीतल्या त्या पडण्यानंतर काय घडलं, यात माझ्या मते या सबंध कारकिर्दीचं मर्म आहे. घरी पडलेल्या माणसाला लोकांचा आवाज उभं करतो. इथे तो आवाज नव्हता, किंवा निदान एकमुखी नव्हता. बेन्वेनुती उठला, डाव्या जॅबवर परतला आणि उंचीचा व पोहोचीचा उपयोग करत उरलेल्या अकरा फेऱ्यांतल्या बहुतेक स्वतःकडे ओढल्या. तिन्ही गुणपत्रिका त्याच्या बाजूने गेल्या, आणि फरकही मोठा होता. इटलीत त्या वेळी मध्यरात्र उलटून गेली होती. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण नव्हतं, त्यामुळे लक्षावधी लोकांनी रेडिओला कान लावून ही लढत ऐकली. ज्या लढतीमुळे तो इटलीत दंतकथा झाला, ती इटलीने त्या रात्री पाहिलीच नाही, ऐकली.

सप्टेंबरमध्ये त्याच शहरात, शेआ स्टेडियमवर, ग्रिफिथने विजेतेपद परत घेतलं. चौदाव्या फेरीत बेन्वेनुती पडला, बरगडीच्या दुखापतीची तक्रारही होती, पण निकालावर फारसा वाद झाला नाही. ४ मार्च १९६८ रोजी नव्याने बांधलेल्या गार्डनमधल्या पहिल्याच मुष्टियुद्धाच्या रात्री तिसरी लढत झाली. त्याच कार्यक्रमात जो फ्रेझरने बस्टर मॅथिसला हरवलं, म्हणजे प्रेक्षक खास बेन्वेनुतीसाठी आलेले नव्हते. नवव्या फेरीत ग्रिफिथ पडला आणि पंधरा फेऱ्यांच्या अटीतटीनंतर बेन्वेनुती पुन्हा विजेता झाला. तीन लढती, पंचेचाळीस फेऱ्या, सगळ्या प्रतिस्पर्ध्याच्या गावी, एकही वेळेआधी थांबलेली नाही. त्यातली मधली तो हरला, आणि तरीही मला ती या पुराव्याचा आवश्यक भाग वाटते. ज्या तराजूने त्याला दोनदा जिंकवलं, तोच तराजू त्याला हरवूही शकत होता, हे तिच्यामुळे सिद्ध होतं.

इथे दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला असा : न्यूयॉर्क त्याला परकं कुठे होतं? तिथली इटालियन वस्ती मोठी होती आणि गार्डनमध्ये तिचा आवाज दणदणीत होता. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी मघाशी ‘एकमुखी नव्हता’ असं सावध म्हटलं. पण ही वस्ती शेआ स्टेडियमवरही होती आणि तिथे ती त्याला वाचवू शकली नाही. प्रतिस्पर्धी निवडण्याची सोयही इथे त्याच्याकडे नव्हती. विजेता ग्रिफिथ होता आणि अटी विजेत्याच्या बाजूच्या होत्या. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ग्रिफिथ मुळात वेल्टरवेटचा, बेन्वेनुतीपेक्षा बराच बुटका. वरच्या गटातल्या उंच माणसाने त्याला हरवण्यात मोठं ते काय? यातला काही भाग मी मान्य करतो. तिन्ही लढतींत उंची बेन्वेनुतीच्या कामी आली. पण हाच बुटका ग्रिफिथ वर्षभरापूर्वी डिक टायगरकडून मिडलवेटचं विजेतेपद घेऊन बसला होता, आणि टायगर पुढे त्याहून वरच्या लाइट हेवीवेट गटात विजेता झाला. ग्रिफिथला छोटा म्हणून निकालात काढायचं असेल तर आधी टायगरला निकालात काढावं लागेल. ते धाडस कुणी करू नये. मे १९६९ मध्ये गार्डनमध्येच टायगरने बेन्वेनुतीला दहा फेऱ्यांत हरवलं होतं.

इटलीत या कारकिर्दीचा एक वेगळा अर्थ लावला जातो. बेन्वेनुती इझोला या इस्त्रियातल्या किनाऱ्यावरच्या गावचा. जन्म १९३८. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख युगोस्लाव्हियाच्या ताब्यात गेला, त्याच्या भावाला तिथल्या गुप्त पोलिसांनी पकडून नेलं, आणि हजारो इस्त्रियन इटालियनांप्रमाणे हे कुटुंबही त्रिएस्तेला आलं. २०१३ साली त्याने या स्थलांतरावर पुस्तकही लिहिलं. त्यामुळे बेघर झालेल्या मुलाने ठोशांनी आपलं घर मिळवलं, अशी कहाणी सांगितली जाते. मला ती फार सोपी वाटते. हरवलेल्या भूमीचा मुलगा म्हणून इटलीने त्याच्यावर जे प्रेम केलं, ते प्रेमच त्याच्या घरच्या फायद्याचा भाग होतं, हे या कहाणीत सुटून जातं. तिच्यापेक्षा एक लढत मला अधिक विचार करायला लावते. मे १९७० मध्ये त्याने टॉम बेथीविरुद्ध जागतिक विजेतेपद राखलं ते उमाग इथे. दोनच महिन्यांपूर्वी याच बेथीने त्याला मेलबर्नला विजेतेपदाबाहेरच्या लढतीत हरवलं होतं. उमाग त्याच इस्त्रियाच्या किनाऱ्यावर आहे. युद्धानंतर ‘त्रिएस्ते मुक्त प्रदेशा’च्या ज्या ब विभागात त्याचं इझोला होतं, त्यातच उमागही होतं. इटली आणि युगोस्लाव्हियातला सीमाकरार १९७५ साली झाला. म्हणजे लढत झाली तेव्हा ही जागा कुणाची, याचा कागदोपत्री शेवटही झालेला नव्हता. आज इझोला स्लोव्हेनियात आहे, उमाग क्रोएशियात. ही घरची लढत की परकी? माझ्या कसोटीचे दोन्ही रकाने इथे निरुपयोगी ठरतात. आठव्या फेरीतल्या नॉकआउटमुळे ते भरण्याची गरज पडली नाही, हे माझ्या दृष्टीने बरंच झालं.

विजेता म्हणून त्याने इटलीत राखलेल्या लढतींबद्दल मी फार बोलणार नाही. सानरेमोला डॉन फुलमरविरुद्ध तो पडला, पण गुणांवर तरला. नेपल्सला फ्रेझर स्कॉटला सातव्या फेरीत डोकं पुढे काढण्याच्या कारणावरून बाद केलं गेलं. रोमला क्यूबन लुईस रॉड्रिगेझ त्याला भारी पडत असताना अकराव्या फेरीतल्या एका डाव्या हुकने लढत संपली. तिन्हींपैकी फक्त शेवटचा निकाल मी निःशंक मान्य करतो. मग नोव्हेंबर १९७० मध्ये रोममध्येच कार्लोस मोन्झोन आला. अर्जेंटिनाच्या सान्ता फे प्रांतातल्या या माणसाला युरोपात फारसं कुणी ओळखत नव्हतं. म्हणजे निवडीची पहिली वाटही यजमानालाच अनुकूल होती. बाराव्या फेरीत मोन्झोनच्या उजव्या हाताने बेन्वेनुती कोसळला आणि दहा मोजून झाले. घरच्या मैदानावर न हरण्याची दहा वर्षांची मालिका तिथे संपली. लक्षात घ्या, बेन्वेनुतीने गार्डनमध्ये ग्रिफिथला जे केलं, तेच मोन्झोनने रोममध्ये बेन्वेनुतीला केलं. पुढे बोलोन्याला चिरिनो नावाच्या मुष्टियोद्ध्याकडून पराभव, आणि मे १९७१ मध्ये मॉन्टे कार्लोला मोन्झोनविरुद्ध तिसऱ्या फेरीत कोपऱ्यातून टाकलेला टॉवेल. तो टॉवेल बेन्वेनुतीला मान्य नव्हता, पण कारकीर्द संपली होती.

या कसोटीचा एक उपपुरावा निवृत्तीनंतरचा आहे. त्याला मी दुय्यम मानतो, कारण मैत्री ही गुणपत्रिका नव्हे. ग्रिफिथ त्याच्या मुलाचा धर्मपिता झाला, आणि उतारवयात ग्रिफिथची स्मृती आणि पैसा दोन्ही संपत आले तेव्हा बेन्वेनुती मदतीला धावला. मोन्झोन पत्नीच्या हत्येबद्दल तुरुंगात गेला, तेव्हा बेन्वेनुती त्याला तिथे भेटला. १९९५ मध्ये मोन्झोन अपघातात गेल्यावर त्याच्या शवपेटीला बेन्वेनुतीने खांदा दिला. मात्सिंगी स्वतःच्याच देशाचा, त्याच्याशी मात्र वर्षानुवर्षं कटुता राहिली. स्वभावाचा भाग यात असेलच. पण परक्या रिंगणातल्या निकालांबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती आणि घरातल्या एका निकालाबद्दल होती, हेही कारण मला दिसतं.

तो निकाल म्हणजे १७ डिसेंबर १९६५, रोम. सान सिरोवरच्या नॉकआउटनंतर सहा महिन्यांनी झालेली पंधरा फेऱ्यांची दुसरी लढत बेन्वेनुतीने गुणांवर जिंकली आणि मात्सिंगीने ती कधीच मान्य केली नाही. रडका हरलेला म्हणून त्याला झटकून टाकणं सोपं आहे. पण माझी कसोटी खरी असेल तर ती मात्सिंगीलाही लावली पाहिजे. ड्युपासला मिलानला हरवल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर १९६३ मध्ये, मात्सिंगी सिडनीला गेला आणि तिथे त्याने ड्युपासला पुन्हा, वेळेआधी थांबवून, हरवलं. म्हणजे परक्या रिंगणाची परीक्षा तो बेन्वेनुतीच्या आधीच उत्तीर्ण झाला होता. त्यानंतर फेब्रुवारी १९६४ मध्ये लग्नाला दोन आठवडेही झालेले नसताना मोटार अपघातात त्याची पत्नी गेली आणि त्याची कवटी फुटली. तशा अवस्थेतून तो परत उभा राहिला होता. सान सिरोच्या निकालाबद्दल वाद नाही, तिथे मात्सिंगी दहा मोजेपर्यंत उठला नाही. रोमच्या निकालाला मात्र दोन्ही बाजू घरच्याच होत्या, प्रेक्षक दोघांमध्ये वाटलेले होते, आणि माझी कसोटी तिथे कुणाच्याच बाजूने कौल देत नाही. बेन्वेनुतीच्या ८२ विजयांमध्ये तो एक विजय मी मोजतो, पण प्रश्नचिन्हासह मोजतो.